पहिल्यांदाच गोमुखाला जाताय? मग हे वाचून निघा

महाराष्ट्रातून गोमुखाला जाणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. पहिली चारधामवाली. गंगोत्रीच्या देवळात दर्शन झाल्यावर त्यांना कुणीतरी सांगतं, की गंगा उगम पावते ती जागा अजून १८ किलोमीटर वर आहे. मग ‘आलोच आहोत तर’ म्हणून ती चपला-स्वेटरवर निघायच्या गोष्टी करू लागतात. दुसरी सह्याद्रीवाली. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करून आलेली, एका दमात सिंहगड चढणारी. गंगोत्री ते गोमुख वाट म्हणजे रुळलेली पायवाट, असं त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. पहिल्यांना निदान भीती तरी वाटते. दुसऱ्यांना वाटत नाही, म्हणून या लेखातला बराचसा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

आधी एक हिशेब करू. बारी गावातून कळसूबाईचा माथा गाठायला जेवढी उंची चढावी लागते, साधारण तेवढीच, म्हणजे साडेआठशे-नऊशे मीटर उंची गंगोत्री ते गोमुख चढावी लागते. तीही १८ किलोमीटरांत पसरलेली. म्हणजे चढ काहीच नाही म्हणा ना. पण कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे आणि गंगोत्रीचा बसथांबाच मुळी ३१०० मीटरच्या आसपास. गोमुख ३९०० ते ४००० मीटरच्या दरम्यान (आकडा फलकागणिक बदलतो). तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्केच भरतो. तुमचे पाय तयार असतील, पण फुप्फुसं पुण्या-मुंबईचीच आहेत. ती तयार व्हायला दिवस लागतात आणि या सबंध बेतातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेवढे दिवस काढून ठेवणं.

कधी जायचं

गंगोत्रीचं देऊळ अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि दिवाळी पाडव्याला बंद होतं. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचं फाटक १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर उघडं असतं, पण त्या सगळ्या काळात नवख्याने जावं असं नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात नाल्यांमध्ये अजून टणक बर्फ साचलेला असू शकतो. मेअखेर ते जूनचा मध्य हा एक चांगला काळ. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य त्याहून चांगला. हवा धुऊन निघालेली असते, शिखरं लख्ख दिसतात आणि गर्दी ओसरलेली असते.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. इथे धोका पायवाटेपेक्षा रस्त्याचा आहे. उत्तरकाशी ते गंगोत्री हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता पावसाळ्यात कुठे ना कुठे तुटतोच. ५ ऑगस्ट २०२५ ला धराली गावावर खीरगंगेतून आलेला गाळ-दगडांचा लोंढा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. धराली याच रस्त्यावर आहे. वर पायवाटेवरच्या नाल्यांवर लाकडी ओंडक्यांचे आणि फळ्यांचे पूल असतात, तेही पावसात वाहून जातात. मग पलीकडे अडकलेल्यांना बचावपथक येईपर्यंत बसून राहावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीचा बेत करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तोवर वाटेतल्या मुक्कामाची, म्हणजे भोजबाशाची, रात्र शून्याच्या खाली गेलेली असते आणि मुक्कामाच्या जागा आवरायला लागलेल्या असतात. आधी फोन करून खात्री करा.

परवाना आणि मुक्काम

राष्ट्रीय उद्यानात दिवसाला १५० माणसांनाच सोडतात. परवाना वनखात्याचा असतो. तो ऑनलाइन काढता येतो, नाहीतर उत्तरकाशीच्या कार्यालयातून. मे-जूनमध्ये ‘तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणू नका. ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवा. चारधाम यात्रेची उत्तराखंड पर्यटनाची नोंदणी वेगळी असते, तीही करावी लागते. एक केली म्हणजे दुसरी झाली असं नाही.

वाटेत रात्रीचा मुक्काम भोजबाशाला. तिथे गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह आहे आणि लालबाबांचा आश्रम आहे. निगमचं आरक्षण घरूनच करा. सोयी साध्या आहेत: जाड रजया, वरण-भात-पोळीचं जेवण, दिवे काही तासच. मोबाइलवर विसंबू नका. ‘उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही’ हे गंगोत्रीतूनच घरी सांगून ठेवा, नाहीतर खाली आई काळजीत आणि वर तुम्ही निवांत. रोख पैसेही उत्तरकाशीतच काढून घ्या.

चारधामच्या ठरावीक सहलीत मधे गोमुख घुसवू नका. त्या गाड्या एक दिवस गंगोत्री, दुसऱ्या दिवशी पुढे, अशा धावतात. त्यात हे बसत नाही आणि बसवलं तर जो दिवस वाचवला जातो तो नेमका शरीराला सवय लागण्याचा असतो.

घरची तयारी

दोन-तीन महिने पुरतात. आठवड्यातून चार-पाच दिवस भरभर चालणं, जमल्यास जिने, आणि दर रविवारी एक गड. पुणेकरांनी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून-उतरून लगेच पुन्हा चढावा, पाठीवर पाच-सहा किलो वजन घेऊन. मुंबईकरांना माथेरानच्या वाटा आहेत, नाशिककरांना तर सांगायलाच नको. वेग महत्त्वाचा नाही. सलग सात-आठ तास पायांवर राहता येतं का आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा चालता येतं का, हे तपासा. शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन गड एकदा तरी करून बघा.

बूट निदान महिनाभर आधी घ्या आणि याच चालण्यात वापरा. नव्या बुटांनी ३६ किलोमीटर चालणाऱ्याची टाच दुसऱ्या दिवशी सकाळीच सोलून निघालेली असते.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना ‘४००० मीटरला जातोय’ असं आकड्यासकट सांगा. नुसतं ‘गंगोत्रीला जातोय’ म्हटलं तर ते देवदर्शनच समजतात.

गंगोत्रीत दोन रात्री, त्यात घासाघीस नाही

ऋषिकेश साडेतीनशे मीटरवर, उत्तरकाशी ११५० च्या आसपास, हर्षिल २६०० च्या आसपास, गंगोत्री ३१००, भोजबासा ३८००. ३००० मीटरच्या वर रोज झोपायची उंची तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. गंगोत्री ते भोजबासा ही उडी सातशेची आहे, म्हणजे नियम मोडतोच. त्याची भरपाई आधीच करायची: एक रात्र उत्तरकाशी, एक हर्षिल, मग गंगोत्रीत दोन. रजा कमी असेल तर हर्षिलची रात्र गाळा, गंगोत्रीतली दुसरी गाळू नका.

मधला दिवस लोळून घालवू नका. भैरवघाटीजवळ गरतांग गली म्हणून जुनी वाट आहे. जाडगंगेच्या खोल दरीवर उभ्या कड्यात ठोकलेला लाकडी जिना-पूल. १९६२ नंतर बंद पडलेली ही वाट डागडुजी करून २०२१ मध्ये पुन्हा खुली झाली. एकेकाळी तिबेटशी व्यापार करणारे याच फळ्यांवरून जात. जाऊन-येऊन अर्धा दिवस, थोडा चढ, आणि रात्री झोपायला परत गंगोत्रीत. चढून परत खाली झोपणं हेच तर शरीराला हवं असतं. तेवढंही नको असेल तर गंगोत्रीतूनच पांडव गुहेपर्यंत जाऊन या.

आता लक्षणं. डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, चक्कर, झोप न लागणं. डोकेदुखीच्या जोडीला यातलं एखादं जरी असलं तरी ती उंचीचीच बाधा समजा. ‘काल चहा नीट झाला नाही’, ‘गाडी लागली’, ‘पित्त झालं’ अशी कारणं शोधायची आपल्याला फार सवय. पित्ताची गोळी खाऊन वर चढलेली माणसं भोजबाशाला अख्खी रात्र बसून काढतात. लक्षण असेल तर वर जायचं नाही. थांबायचं, पाणी प्यायचं, आणि दुखणं वाढलं तर उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना झोक जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला सोबत घेऊन तेव्हाच्या तेव्हा खाली उतरायचं. एकट्याला पाठवायचं नाही.

डायमॉक्स या नावाने मिळणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर ते आवर्जून सांगावं. दारू आणि झोपेच्या गोळ्या या चार दिवसांत नकोत.

पाठीवर काय

कमी. भोजबाशाला पांघरूण मिळतं, जेवण मिळतं. तीस-पस्तीस लिटरची पाठपिशवी पुरे. कपडे थरांत: आतून लवकर वाळणारा टी-शर्ट, वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. सुती गंजीफ्रॉक घामाने भिजला की दुपारच्या वाऱ्यात हुडहुडी भरते, म्हणून तो घरीच ठेवा. कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे दोन जादा जोड, पोंचो, डोक्याला बांधायचा टॉर्च, गॉगल, उन्हाचं क्रीम. इथलं ऊन थंडीमुळे जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं दिसतं. एक काठी घ्या, उतरताना गुडघे दुवा देतील.

पाणी दोन लिटर, सोबत ओआरएसच्या पुड्या. खायला गुळपापडीच्या वड्या, चिक्की, खजूर, खारे दाणे. उंचीवर भूक मरते, तेव्हा दर तासाला थोडं तोंडात टाकत राहायचं. मेथीचे ठेपले-दशम्यांचा डबा पहिल्या दिवशी दुपारी फार कामाला येतो. हे सगळं घरून स्टीलच्या किंवा कापडी डब्या-पिशव्यांत भरून आणा. त्याचं कारण पुढच्याच वळणावर आहे.

पहिला दिवस: गंगोत्री ते भोजबासा, १४ किलोमीटर

सकाळी सहा-साडेसहाला देवळाच्या बाजूच्या पायऱ्यांनी वर निघा. साधारण दोन किलोमीटरवर कनखूची वनचौकी. इथे परवाना तपासतात आणि पिशवीतल्या प्लास्टिकची मोजदाद होते. बिस्किटाचे पुडे, वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या असं एकेक बाहेर काढून मांडायचं, ते लिहून घेतलं जातं आणि परतताना तेवढंच दाखवावं लागतं. वीस जणांच्या गटाने प्रत्येकी दहा पुडे आणले असतील, तर इथेच पाऊण तास जातो. म्हणून डबे.

चौकीनंतर वाट भागीरथीच्या उजव्या काठाने, म्हणजे चढताना नदी आपल्या उजव्या हाताला ठेवून, हळूहळू वर चढते. देवदार विरळ होत जातात. मान वर करून पाहिलंत तर सुदर्शन शिखर (६५०७ मीटर) दिसतं. नवव्या किलोमीटरला चिरबासा. मोठ्या झाडांची शेवटची सावली इथे. चार तास लागले तर उत्तम चाललात. तीन लागले तर जास्त वेगात आहात, कमी करा. चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तोच तुमचा वेग. जेवणाचा डबा इथेच उघडा.

चिरबासा ते भोजबासा हे पाच किलोमीटर दिसतात सोपे. मधे गिला पहाड नावाचा पट्टा आहे. वरची सगळी घसरडी भुसभुशीत माती, तीत अडकलेले धोंडे, आणि वारा सुटला किंवा वरून भरलांचा (निळ्या मेंढ्यांचा) कळप गेला की त्यातले दगड सुटतात. इथे फोटो नाही, पाणी नाही, बुटाची नाडी बांधणं नाही. नाडी आधीच बांधून घ्या. कान वर ठेवून, माणसामाणसांत अंतर ठेवून, न थांबता पार व्हा. भरल बघायचे असतील तर पट्टा ओलांडल्यावर मागे वळून बघा, ते तिथेच कड्यावर चरत असतात.

भोजबाशाला भूर्जाचं म्हणजे भोजपत्राचं जंगल होतं, म्हणून ते नाव. यात्रेकरूंच्या आणि धाब्यांच्या चुलींनी ते जवळजवळ संपवलं. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी या भागात वर्षानुवर्षं खपून रोपं वाढवली आणि भूर्ज पुन्हा लावला. पुढे २०२१ मध्ये त्या भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. कुंपणातली खुरटी झुडपं दिसली तर ती त्या कामाची आहेत, हात लावू नका.

पोहोचल्यावर आडवे होऊ नका. चहा घ्या, तासभर आजूबाजूला फिरा, लवकर जेवा. समोर भागीरथीची तिन्ही शिखरं संध्याकाळी केशरी होतात. त्यातलं पहिलं ६८५६ मीटरचं. झोप तुटक लागेल, ती तशीच लागते.

दुसरा दिवस: खरी परीक्षा

हा दिवस मोठा आहे. भोजबासा ते गोमुख चार-साडेचार किलोमीटर, तेवढेच परत, आणि मग गंगोत्रीपर्यंत १४. बेरीज बावीस-तेवीस. घाई नसेल, वय जास्त असेल किंवा रात्री डोकं दुखलं असेल, तर भोजबाशाला दुसरा मुक्काम करा, त्यात कमीपणा काही नाही. दुखणं सकाळीही कायम असेल तर गोमुख विसरा आणि खाली चला.

बरं वाटत असेल तर पहाटे पाचला टॉर्च लावून निघा. पहाटे निघण्याची कारणं दोन. थंडीत दगड-माती गोठून जागच्या जागी बसलेली असते. आणि बर्फ वितळायला सूर्य वर यावा लागतो, त्यामुळे सकाळी ओहोळ लहान असतात, दुपारी तेच गुडघ्याशी येतात. परत फिरायची वेळ आधीच ठरवा: नऊ वाजता जिथे असू तिथून मागे. गोमुख दोनशे मीटरवर राहिलं असेल तरी.

पहिले दोन-तीन किलोमीटर वाट ठीक आहे. मग ती धोंड्यांमध्ये हरवते आणि दगडावर दगड रचून केलेल्या खुणा शोधत जावं लागतं. शिवलिंग शिखर (६५४३ मीटर) इथून पुढे साथ सोडत नाही.

आणि मग बऱ्याच जणांची निराशा होते. पांढरीशुभ्र हिमनदी कुठेच दिसत नाही. समोर दिसतो तो राखाडी दगड-मातीचा मैलोन् मैल पसरलेला ढिगारा. तीच हिमनदी. चौखंबा शिखरांच्या उतारांपासून सुमारे तीस किलोमीटर सरकत आलेला बर्फ दोन्ही बाजूंच्या डोंगरांची पडझड पाठीवर घेऊन येतो आणि खाली येईपर्यंत तिच्याखाली गाडला जातो. बर्फ दिसतो तो फक्त तोंडाशी. तिथे भिंत फुटलेली असते, भेगांमध्ये निळा-हिरवा रंग असतो आणि तळातून भागीरथी बाहेर पडते. पाणी राखाडी असतं, कारण बर्फाने तळाचा खडक दळून केलेली भुकटी त्यात असते. पाचेक मिनिटं गप्प उभे राहिलात तर ऐकू येईल: भिंतीच्या माथ्यावरून आधी खडे टपटपतात, मग एखादा धोंडा सुटतो, मधेच आतून बंदुकीसारखा आवाज येतो.

हे मुख दरवर्षी तेच नसतं. १९३५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याची जागा नोंदवली, तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलं आहे. जुलै २०१७ मध्ये मेरू हिमनदीच्या बाजूने आलेल्या गाळ-दगडांनी तोंडापुढचा प्रवाहच बदलून टाकला. त्यामुळे काकांच्या जुन्या अल्बममधली ‘गाईच्या तोंडासारखी’ गुहा शोधत बसू नका. आणि वनरक्षक किंवा फलक जिथे थांबवेल तिथे थांबा. भिंतीखाली जाऊन सेल्फी, बर्फाच्या कमानीत आंघोळ, हे प्रकार जिवावर बेतलेले आहेत. कमान कोसळण्याआधी कुणाला सांगत नाही.

हिमनदीवर चढून तपोवनाला (सुमारे ४४५० मीटर) निघालेले गट भेटतील. त्यांच्या मागे जाऊ नका. त्याला वेगळी परवानगी, वाटाड्या आणि आणखी दिवस लागतात.

परत

साडेदहापर्यंत भोजबासा, पोटभर खाणं, अकराला खाली. उताराचे १४ किलोमीटर पाच तासांचे धरा. गिला पहाड आता भर दुपारी पार करायचा आहे, तेव्हा कालच्याहून जास्त जपून. दुपारनंतर दरीतून समोरून वारा येतो, डोळ्यांत माती जाते, गॉगल तेव्हाही हवा. शेवटच्या तीन किलोमीटरांत पाय वेडेवाकडे पडू लागतात आणि घोटे तिथेच मुरगळतात. पाणी पिऊन पाच मिनिटं बसा, मग पुढे. कनखूला प्लास्टिक मोजून दाखवा.

त्याच संध्याकाळी गाडी काढून उत्तरकाशीकडे सुटू नका. दमलेला ड्रायव्हर आणि अंधारातला तो रस्ता ही जोडी वाईट. गंगोत्रीत गरम पाण्याची बादली मिळते, ती घ्या आणि झोपा.

राहिलं गंगाजल. घरी मावंदं घालायचं असेल तर पाणी भरायचं ते गोमुखाच्या भिंतीपाशी नाही, भोजबाशाच्या अलीकडे-पलीकडे जिथे काठ सपाट आणि प्रवाह शांत असेल तिथे, आणि दुसऱ्याने मागून हात धरलेला असताना. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. गाळ दोन दिवसांत तळाशी बसतो. विमानाने परतणार असाल तर डबा चेक-इनच्या सामानात, कपड्यांच्या मधोमध. हातातल्या बॅगेत ठेवलात तर डेहराडूनच्या विमानतळावरच त्याचं विसर्जन होऊ शकतं.